बागडोर

पेपरात बागडोर नेहमी कुणाच्या तरी हाती जाते.
आमच्यात ती घोडीच्या हनुवटीखाली जाते,
मोरकीच्या फाशातून, खालून वर,
आणि त्याआधी बघावं लागतं
घोडीचा कान कुणीकडं आहे.

अब्बांनी पितळी कडी कधी लावली नाही.
लोह्यात मिळते, स्प्रिंगची, घोड्याचं चित्र असलेल्या पुड्यात.
"रातभर जबड्यावर वाजती ती," म्हणायचे,
"तुझ्या कानापाशी कुणी चमचा वाजवला तर
झोप लागंल का तुला?"
आणि एकदा कंधारच्या वरातीत
बॅण्डवाल्यानं एकदम सूर लावला,
कुणाच्या तरी घोड्याची कडी तुटली,
नवरदेव फेट्यासकट तुरीच्या रानात.
हे ते हसून सांगायचे.
नवरदेवाचा हात मोडला होता, हे अम्मी सांगायची.

तर गाठ.
दोर सुताचा, अंगठ्याएवढा जाड,
हौदात भिजवून लिंबाला ताणून वाळवलेला,
कारण कोरा दोर खोटं बोलतो,
आवळलो म्हणतो आणि निसटतो.
टोक फाशातून वर काढ.
फाशाच्या दोन्ही पदरांमागून फिरव.
आता फाशात परत घालू नको, सगळे तिथंच चुकतात.
दोराच्याच अंगाखालून दडप.
शेपूट मूठभर सोड.
मग ओढ. आणखी ओढ.
आणि हे सगळं डाव्या अंगाला उभं राहून,
नाकासमोर नाही;
नाकासमोरचा माणूस घोडीला धड दिसत नाही.

मी नऊ वर्षांची होते. किती चुकले त्याला गणती नाही.
बोटांना कधी पाठ झाली, कळलं नाही.
आज डोळे मिटून सांग म्हणाल तर अडखळेन.
डोळे मिटून बांधता येईल.

यंदा माळेगावच्या बाजारात कवडीला नेलं.
नवरदेव आता जीपच्या टपावर नाचतात,
अब्बांचा गुडघा पायरी मोजून घेतो,
आणि कडबा काय भावानं आहे ते विचारू नका.
हाळीचा दिगंबर म्हणून एक जण,
त्यानं दात बघितले, खूर बघितले,
मग उपरण्याखाली दोघांचे हात गेले.
आत कोंबडीचं पिलू असल्यासारखं उपरणं हलत राहिलं.
थांबलं तेव्हा कवडी आमची नव्हती.

आमच्याकडं रीत आहे,
मोरकी जनावरासंगं जाते, दोर घरी येतो.
मी अंगठ्यानं गाठ मागं रेटली.
चार वर्षं ओढ खाल्लेली गाठ,
उघडली.
चांगली गाठ अशीच असते, अब्बांनीच सांगितलेलं.
मला वाटलं होतं, थोडी तरी अडेल.

दिगंबरनं आणली होती कडी. पिवळीधमक.
त्याचा भाचा लावत होता, प्रल्हाद, दहा-अकरा वर्षांचा,
स्प्रिंग दाबायचा, ती परत यायचीच नाही,
उघडीच राहायची, जांभई दिल्यासारखी.
"काय करूलालास रे," मामा ओरडला.
कवडीनं मान उडवली.

अब्बा माझ्याकडं बघत नव्हते,
तंबाखूची डबी शोधत होते, जी त्यांच्या हातातच होती.
मी आमच्या दोराचं टोक पोराच्या हातात दिलं.
खालून वर.
मागून.
त्यानं परत फाशात घातलं. ऐसा नको, मी म्हणाले,
अब्बांच्याच आवाजात, माझं मलाच दचकायला झालं.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कवडीनं सुस्कारा टाकला.
चौथ्यांदा बसली.
शेपूट बघितलं, आखूड.
त्याची मूठ धरून मोजलं, केवढीशी मूठ,
म्हटलं, तू आपल्या दोन मुठी सोडत जा,
मोठा झालास की एक.

ओढ म्हटलं. त्यानं ओढलं.
आणखी.

पाळण्यांच्या, गाढवांच्या, उसाच्या रसाच्या गर्दीतून
पोरगं डाव्या अंगानं चालत गेलं, कुणी न सांगता.
कवडीचा डावा कान त्याच्याकडं वळला होता.
उजवा मला इथून दिसत नव्हता.